सगळ्यांनी पाहिलेली बाग

१

सकाळी चादर ओढली आणि गावाच्या मधोमध भोक दिसलं.

खऱ्या गावाच्या नव्हे. खऱ्या गावात इतकी भोकं आहेत की एखादं वाढलं तर कुणी मान वळवूनही बघत नाही. हे भोक होतं भाऊजींच्या गावात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हयातभर नगररचना कार्यालयात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या सहीचे आराखडे काढले आणि निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत अख्खं गाव हाताने घडवलं. लाकडाची घरं, टाचण्यांचे दिव्याचे खांब, स्पंजची झाडं. एकेका भागाचा तुकडा वेगळा करायचा आणि मग सगळे तुकडे एकमेकांत बसवायचे, अशी त्यांची पद्धत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा 'कला, वारसा आणि हिरवाई' असा गावाचा सोहळा करायचं ठरलं, तेव्हा ताईने ते मॉडेल नगरभवनाला देऊन टाकलं. मोठ्या दालनात ते काचेच्या पेटीत कायमचं राहणार होतं.

आणि आता उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यातली मोठी बागच नाहीशी झालेली. तळं, झाडं, पायवाटा, सगळ्यासकट.

"चोरी!" सोहळ्याच्या अध्यक्षबाई छातीला हात लावून म्हणाल्या. "आमच्या हिरवाईची चोरी!"

मला बोलावणं धाडलं ते त्यांनीच. पोलीस नकोत, पेपरात येईल, आणि तुम्ही तर या कामातलेच. माझं काम म्हणजे विमा कंपनीचा सर्व्हेअर. जळालेली गोदामं आणि भिजलेला माल बघून, मालक किती खरं बोलतोय ते सांगायचं. ते सोडूनही बरीच वर्षं झाली. पण लोकांना वाटतं, की एकदा चौकशा करणारा माणूस मरेपर्यंत चौकशाच करायला मोकळा असतो.

"संध्याकाळपर्यंत शोधा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नाहीतर मॉडेल जिन्याखालच्या खोलीत, आणि इथे मी व्हिडिओचा मोठा पडदा लावते. भोक पडलेला वारसा पाहुण्यांना दाखवायचा नाही."

जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्या असतात. तिथे गेलेली वस्तू पुन्हा उजेडात आल्याचं मी ऐकलेलं नाही. भाऊजींनी जन्मात स्वतःच्या नावावर केलेलं हे एकच काम, आणि ते मोडक्या खुर्च्यांच्या संगतीला जाणार, या विचारानेच माझं डोकं तापलं.

मी वाकून बघितलं. सोहळ्यासाठी गेल्या आठवड्यात दालनाच्या भिंती घासून रंग दिला होता. ती पांढरी भुकटी चादरीखालीही शिरलेली. छपरांवर, रस्त्यांवर, बागेच्या जागी उघड्या पडलेल्या टेबलावर, सगळीकडे पिठासारखी पसरलेली. मी भोकात बोट फिरवलं, दणकून शिंकलो आणि बोट रुमालाला पुसलं. भोकाच्या कडेचे टाचण्यांचे खांब मात्र सगळे ताठ उभे होते. एकही वाकलेला नव्हता.

"दाराचं कुलूप?" मी नगरभवनाच्या रखवालदाराला विचारलं.

"शाबूत. चावी माझ्या कमरेला. मॉडेल आलं त्या दिवसापासून दालन बंद. रंगवाले आणि सोहळ्याची मंडळी, एवढेच आत आले, तेही माझ्यादेखत." तो कमरेवरची चावी चाचपत म्हणाला, "साहेब, एवढी मोठी बाग घेऊन माझ्यासमोरून कुणी गेलं असतं, तर मला दिसली नसती होय?"

२

पहिली साक्ष अध्यक्षबाईंची. पण त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उघड्या नळाला तू वाहतोस का असं विचारण्यासारखं.

"मी रोज संध्याकाळी येते," त्या सांगू लागल्या. "चादर अलगद उचलते, दोन मिनिटं गावाकडे बघते आणि भाषणाचा सराव करते. काल पण आले होते."

"काल बाग होती?"

"होती म्हणजे काय! मधोमध ते सुंदर कारंजं. गेल्या वर्षी आमच्याच समितीने बागेत बसवलं ना, ते. इतकं हुबेहूब केलंय! काचेचे बारीक बारीक थेंबसुद्धा. भाषणात त्यावर अख्खा परिच्छेद आहे. वाचून दाखवू?"

"नको."

त्यांनी वाचून दाखवलाच. मी मध्ये एकदा विचारलं की पडदा लावायची कल्पना कुणाची, तर त्या थांबल्या. पडदा त्यांना पहिल्यापासून हवा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावर त्यांचीच मुलाखत दिसणार होती.

"माझ्यावर संशय?" त्यांनी डोळे मोठे केले. "मला ते मॉडेल नको असतं, तर मी अख्खंच नसतं का नाकारलं? नुसती बाग उचलून मी काय करू, घरी नेऊन पाणी घालू?"

यात तथ्य होतं, आणि त्यामुळे मी आणखीच वैतागलो. सकाळपासून मिळालेली सगळ्यात शहाणी गोष्ट मला अध्यक्षबाईंच्या तोंडून ऐकावी लागली होती.

मी उठलो. त्यांनी मागून हाक मारली.

"आणि हो, ते उद्यान अधिकारी. त्यांना जरा विचारा, परवा दालनात एकटेच काय करत होते."

३

उद्यान अधिकारी नगरभवनाच्या पायऱ्यांवर कुंड्या मोजून घेत होते. घामाघूम, त्रासलेले, आणि मला बघताच जास्त त्रासलेले. त्यांच्यावर संशय घ्यायला कारण होतं. गाड्या लावायला जागा हवी म्हणून त्यांनी खऱ्या बागेचा एक कोपरा तोडायला दिला होता. भाऊजींच्या बागेत तो कोपरा शाबूत असणार, झाडांसकट. उद्या पाहुण्यांनी तो बोटाने दाखवला असता तर साहेबांची पंचाईत झाली असती.

"परवा दालनात काय करत होतात?"

"कुंड्या ठेवून घेत होतो. आतल्या कडेला. तुम्हाला काय वाटलं, मी खिशात बाग घातली?"

"बाग पाहिलीत?"

"पाहिली की. चादर वर करून नीट पाहिली. गुलाबाचे वाफे, लोखंडी फाटक, पाट्यासुद्धा. फार बारकाईने केलंय हो तुमच्या मेहुण्यांनी."

"आणि कारंजं?"

ते घोटाळले. "कारंजं... असेल. मी वाफे बघत होतो. आमचं लक्ष फुलांकडे."

"तोडलेल्या कोपऱ्यातली झाडं होती?"

"कुठला कोपरा? मला काही आठवत नाही," असं म्हणून ते कुंड्यांवर खेकसायला लागले. कुंड्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण मला मिळत होती त्या उत्तरांपेक्षा ते बरं होतं.

तिसरा गावचा चित्रकार. दालनाच्या मागच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र टांगलेलं, आणि त्याच्या बरोबर समोर मॉडेल. मॉडेलमुळे आपलं चित्र झाकलं जातंय, हे तो गेले पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होता.

"मला विचाराल तर चोराने उपकार केले," तो दाढी खाजवत म्हणाला. "स्पंजची झाडं! याला कला म्हणायचं?"

"तुम्ही कधी पाहिली होती बाग?"

"परवाच. चादरीचं टोक उचललं. मध्ये वाद्यवृंदाचा चौथरा, त्यावर लाल छप्पर. लाल! त्या हिरव्यात तो लाल इतका बटबटीत दिसत होता, की मी लगेच चादर सोडून दिली."

"गुलाबाचे वाफे होते का?"

"मी वाफे मोजत नाही. मी रंग बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन साक्षीदार, तिघांनीही चादर वर करून बाग पाहिलेली, आणि तिघांच्या तीन बागा. एकीत कारंजं, दुसरीत गुलाब, तिसरीत लाल छपराचा चौथरा. गोदामाला आग लागली की मालक खोटं बोलतो, ते समजतं. त्याचा फायदा असतो. पण हे तिघं खोटं बोलून काय मिळवत होते? आणि तिघांनी मिळून केलं म्हणावं, तर निदान एकच खोटं तरी ठरवून बोलले असते.

भाऊजींची बाग खरी कशी होती, ते मलाही सांगता येत नव्हतं. काम चालू असताना ते कुणाला आत घेत नसत. मी कायम दारातूनच पाहिलेलं. आणि मॉडेल नगरभवनात आलं तेव्हा मी तापाने अंथरुणात. "ताईंनी स्वतः जोडलं," रखवालदार म्हणाला होता. "कुणाला हात म्हणून लावू दिला नाही."

बाग नेमकी कशी होती ते सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं. आणि तिला ही बातमी सांगायची माझी छाती होत नव्हती.

४

ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. माझ्याहून वयाने बरीच मोठी, अंगाने लहानशी, आणि रागाने गावात पहिली. दूधवाल्याने माप मारलं म्हणून ती त्याच्या घरी जाऊन आलेली आहे. त्यामुळे मी दाराजवळची खुर्ची धरली.

"ताई, भाऊजींच्या मॉडेलमधली बाग चोरीला गेली."

ती भाजी निवडत राहिली. "बरं," म्हणाली.

"बरं काय? चोरीला गेली म्हणतोय मी!"

"ऐकलं. चहा घेणार?"

मला वाटलं, धक्का बसलाय. माणसं अशी गप्प होतात. गोदाम जळालेला एक मालक मला अर्धा तास क्रिकेटबद्दल सांगत होता. मी तिला तिघांच्या साक्षी सांगितल्या. कारंज्याचं ऐकून ती हसली. चांगली खुदकन हसली.

"सगळ्यांनी पाहिली म्हणे? काल?"

"काल, परवा. चादर उचलून उचलून."

"छान," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. "मग आता ठेवू दे की तसंच. एवढ्या मोठ्या गावात एक बाग नसली तर काय बिघडलं?"

"तसंच नाही ठेवत. संध्याकाळपर्यंत मिळाली नाही तर अख्खं मॉडेल जिन्याखाली टाकणार आहेत."

तिचा हात साखरेच्या डब्यावर थांबला.

"जिन्याखाली?"

"मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत."

"पण कायमचं काचेत ठेवणार म्हणाले होते."

"भोकासकट नाही ठेवणार."

"जिन्याखाली," ती पुन्हा म्हणाली. चहात तिने साखर घातलीच नाही, आणि मीही मागितली नाही. निघताना मी तिला म्हटलं, की जो कुणी चोर असेल त्याची मी गय करणार नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हाही बघितलं नसेल.

५

दुपारी दालनात गेलो तेव्हा तिथे नवीच धांदल. अध्यक्षबाईंनी पडदेवाल्याला निरोप धाडला होता. चित्रकार मॉडेल हलवायला कुणाचे हात कुठे लागतील ते फार उत्साहाने सांगत होता. उद्यान अधिकारी भिंतीकडेच्या कुंड्या दारापाशी नेऊन घेत होते.

"काही लागलं का हाताला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

मी एका खुर्चीवर बसलो आणि चिडून जमिनीकडे बघत राहिलो. रखवालदार वाकून कोपऱ्यातली एक जुनी, जड कुंडी उचलत होता; रंगकामाच्या आधीपासून ती जागची हललेली नव्हती. त्याने ती उचलली, आणि खाली फरशीवर एक स्वच्छ गोल दिसला. भोवती भिंतींची पांढरी भुकटी आणि मध्ये लख्ख गोल. कुंडी होती तेवढाच.

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. चित्रकार दचकला.

आयुष्यभर मी हेच केलं होतं. गोदामात शिरायचं आणि आधी जमीन बघायची. माल खरंच तिथे होता, तर त्याच्याखाली धूळ नसते, काजळी नसते. मालक म्हणतो इथे कापडाचे गठ्ठे होते, आणि जमिनीवर सारखी काजळी, तर गठ्ठे नव्हतेच. आणि सकाळी मी त्या भोकात बोट घातलं होतं, त्याच भुकटीने शिंकलो होतो, आणि गाढवासारखा रुमालाला पुसून मोकळा झालो होतो!

भिंती घासल्या गेल्या आठवड्यात. बाग तेव्हा जागेवर असती, तर तिच्याखालचं टेबल या फरशीच्या गोलासारखं स्वच्छ निघालं असतं. भोकात भुकटी होती, म्हणजे भिंती घासायच्या आधीपासून तिथे बाग नव्हती. मग काल, परवा, रोज संध्याकाळी या लोकांनी पाहिलं काय?

काही नाही. कुणी चादर उचललीच नव्हती.

आता सगळं जागेवर बसलं. कारंजं गेल्या वर्षीचं. भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली. मेलेला माणूस काचेचे थेंब कुठून चिकटवणार? अध्यक्षबाईंनी सांगितली ती खऱ्या गावातली बाग, त्यांच्या भाषणात होती ती. उद्यान अधिकाऱ्यांनी आपले वाफे सांगितले. चित्रकाराला भांडायला एक लाल छप्पर हवं होतं, ते त्याने मनातच रंगवलं. चोर यातला एकही नव्हता. गावाच्या वारशाचा सोहळा करणाऱ्यांनी वारसा उघडून बघितला नव्हता, आणि ते कबूल करायची तिघांनाही लाज वाटत होती, एवढंच.

वाकलेला एकही खांब का नव्हता, तेही कळलं. काही उपटून काढलंच नव्हतं.

"मॉडेल आणलं त्या दिवशी," मी रखवालदाराला बाजूला घेऊन विचारलं, "ताई जोडत होती तेव्हा तू कुठे होतास?"

"खोकी आत आणून दिली. मग ताई म्हणाल्या, घरून मोठी चादर आण, टेबलावर विसरलेय. मी आणली, तोवर सगळं जोडून झालं होतं. माझ्या हातातून चादर घेतली आणि त्यांनीच घातली, घाईघाईने."

चोराची गय करणार नाही, असं मी मघाशीच चोराला सांगून आलो होतो.

६

"बाग कुठे आहे, ताई?"

ती जणू वाटच बघत होती. "कपाटात. खालच्या खणात." मग स्वतःच उठून तिने शालीत गुंडाळलेला तुकडा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "चोरी कसली त्यात? माझ्या घरची वस्तू माझ्या घरी. मी तर विचारलं कुणी तर सांगणारच होते, की तुटली. तर सकाळपासून सगळे चोरी चोरी करत सुटले. तू पण."

"पण का?"

तिने भाऊजींचं भिंग माझ्या हातात दिलं. "तळ्याकाठी बघ."

मी बघितलं. सुंदर काम होतं. ना कारंजं, ना वाफे, ना चौथरा; झाडं, वळणाची वाट, आणि आरशाच्या तुकड्याचं तळं. भाऊजींनी सगळ्या गावात एकही माणूस ठेवला नव्हता. माणसं एका जागी थांबत नाहीत, त्यांचं माप घेता येत नाही, असं ते म्हणत. पण तळ्याकाठच्या बाकावर दोन माणसं होती. तांदळाच्या दाण्याएवढी. पुरुषाचा एक खांदा उतरलेला, आराखड्यांच्या फळ्यावर वाकून वाकून भाऊजींचा उतरला होता तसा. शेजारी बाई. तिचं तोंड त्याच्याकडे.

"ही तू असशील."

"केस बघ. खांद्यापर्यंत. माझे कधी होते असे? उंची बघ. बसूनसुद्धा त्यांच्याएवढी. मी त्यांच्या कोपराला लागायचे."

मी पुन्हा भिंग लावलं.

"विचारलं होतं मी," ताई म्हणाली. "म्हणाले, कुणीतरी बसलेलं हवं म्हणून बसवलं. अख्ख्या गावात कुणी नको होतं, नेमकं तिथेच हवं होतं? मग मी म्हटलं, आपण एकदा जाऊन बसू त्या बागेत. तर म्हणाले, तिथे काय बघायचंय, माझं सगळं मोजून झालंय."

तिचा आवाज चिरकला. रडण्याने नाही, रागाने.

"कुणी असेल तर असेल, धाकट्या. आता ते भांडण कुणाशी भांडू? ते गेले, तिचं नावही मला माहीत नाही. कदाचित कुणी नसेलही. मला चीड येते ती याची, की उद्या गाव येणार. काचेला नाक लावून बघणार. आणि मला विचारणार, ताई, ही तुम्हीच ना? आणि मला हो म्हणावं लागणार. हसून. जिवंत असेपर्यंत."

"चिमट्याने काढून टाकू तिला. मिनिटाचं काम."

"त्यांच्या कामाला मी कधी हात लावला नाही. आता ते बघायला नाहीत म्हणून लावू? आणि काढली, तर ते एकटे बसलेले दिसतील. ते तर मला त्याहून बघवणार नाही."

हिला काय म्हणावं? मला दोघांचाही राग आला. भाऊजींचा, की एवढं सगळं मोजलं आणि घरातलं माणूस मोजायचं राहिलं. हिचा, की इतकी वर्षं हे मनात ठेवून त्यांना वेळेवर जेवायला वाढलं.

"हो म्हणायची सक्ती कुणी केलीय?" मी ओरडलोच. "नाही म्हण."

"भर सभेत?"

"भर सभेत."

"लोक काय म्हणतील त्यांना?"

"त्याचं उत्तर भाऊजींनी द्यायला हवं होतं. त्यांनी दिलं नाही, तर त्यांच्या वाटचं खोटं तू कशाला बोलतेस?"

तिने त्या बाकाकडे एकदा भिंगाशिवायच बघितलं. मग बाग पुन्हा शालीत गुंडाळली, पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "बघत काय बसलास? पडदेवाला येईल ना तिथे."

७

बाग जागेवर बसवली तेव्हा तिघेही हजर होते. कुठे मिळाली हे कुणी विचारलंच नाही.

"हीच!" उद्यान अधिकारी म्हणाले. "हुबेहूब हीच पाहिली होती."

अध्यक्षबाई भिंग घेऊन वाकल्या. "पण कारंजं कुठंय?" त्यांनी सरळ होऊन माझ्याकडे पाहिलं. "बघा! चोराने कारंजं ठेवून घेतलं!"

मी हात टेकले. माझा तर्क, ती भुकटी, तो फरशीवरचा गोल, काहीही त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पडदा परत गेला, मॉडेलवर काच बसली. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. कारंज्याचा परिच्छेद झाला. मग अध्यक्षबाईंनी ताईला हात धरून पुढे आणलं आणि माइकवरून म्हणाल्या, "आणि या बागेत, तळ्याकाठी, एक जोडपं बसलंय. सांगा बरं, कोण? आपले कलाकार आणि आपल्या लाडक्या ताई!"

टाळ्या पडल्या. माइक ताईच्या तोंडासमोर आला.

"बाकावर बसलेत ते आमचे हे," ती म्हणाली. "ही मी नाही. मला ते कधी बागेत घेऊन गेलेच नाहीत."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अध्यक्षबाई हसल्या, "आपल्या ताई म्हणजे अशा विनोदी!" आणि सगळं दालन हसलं, पुन्हा टाळ्या पडल्या. ताई काहीतरी म्हणत होती, पण माइक केव्हाच पाहुण्यांकडे गेला होता.

ती परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. चेहरा लाल झाला होता. मला त्या माइकची वायर उपटून टाकावीशी वाटत होती. आयुष्यात एकदा बाईने मनातलं बोलून दाखवलं, आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या.

"जाऊया का घरी?" मी विचारलं.

"का? मला अजून कुणी विचारलेलं नाही."

ती उठून काचेच्या पेटीजवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. लोक येत, वाकत, बाक शोधत आणि विचारत, "ही तुम्हीच ना?" ती दर वेळी सांगत होती, "नाही." काही जण हसत, काही जण चपापून पुढे सरकत. तिचा आवाज मात्र दर खेपेला मोकळा होत गेला.

दुपारच्या सुमाराला तिच्याच वयाची एक बाई आली. काठी टेकत, एकटीच. तिने भिंगातून बाक पाहिला.

"ही तुम्ही?"

"नाही."

त्या बाई हसल्या नाहीत, पुढेही गेल्या नाहीत. पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "मग किती वर्षं काढलीत हो हे असं?"

मी पटकन दोन खुर्च्या नेऊन दिल्या. त्या दोघी बसल्या, आणि ताई सांगू लागली. आधी हळू, मग हातवारे करून, मग पार बाजारात दूधवाल्याबद्दल सांगते तशा आवाजात. थोड्या वेळाने अध्यक्षबाई लगबगीने आल्या, ताईच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या की फोटोसाठी सगळे खोळंबलेत.

"थांबू देत," ताई म्हणाली. "या बाई ऐकतायत माझं."